पहिलं बटन

कॉम्प्युटर म्हणाला, "व्हायरस फाउंड." मी टॅब दाबला. तो म्हणाला, "बटन." पुन्हा टॅब, पुन्हा "बटन." तिसऱ्यांदाही तेच. बटनावर काय आहे ते त्याला सांगता येत नव्हतं आणि मला दिसत नव्हतं. मी जन्मापासून आंधळा आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोल्हारजवळच्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी टेलिफोन ऑपरेटर होतो. टायपिंगही करायचो, म्हणून माझ्यासाठी कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर टाकला होता. स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. माउसचा मला काही उपयोग नाही, सगळा कारभार कीबोर्डवर. पण अक्षरांऐवजी चित्र आलं की स्क्रीन रीडरची बोबडी वळायची, आणि आमच्या अँटीव्हायरसची बटनं नेमकी चित्रांची. इंजिनिअर जाधव दर बुधवारी नगरहून यायचा. त्याच्याकडून मी क्रम पाठ करून घेतला होता. पहिलं बटन फाइल साफ करतं, दुसरं पुसून टाकतं, तिसरं आहे तशी सोडतं.

त्या शुक्रवारी काष्टीहून शैलाची फ्लॉपी आली होती. बी.ए.ला ती माझी लेखनिक होती. म्हणजे परीक्षेत मी सांगायचं आणि तिनं लिहायचं. पुढे ती गावी गेली. तिची शाईची पत्रं मला कुणाकडून तरी वाचून घ्यावी लागत, आणि आमचे हेडक्लार्क भाऊसाहेब यांनी एकदा पत्र वाचलं की ते सगळ्या ऑफिसचं व्हायचं. यावर तिनंच तोड काढली. तिथल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बसून ती इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायची आणि फ्लॉपी पोस्टानं पाठवायची. मशीन ते साहेबी थाटात वाचायचं. मला तेही गोड लागायचं. दुपारी फोन थंडावले की तीच पत्रं पुन्हा लावायचो आणि त्या पत्र्यासारख्या आवाजाआड तिचा आवाज शोधायचो. फार आठवण यायची तिची.

आधीच्या फ्लॉपीत मी तिला लग्नाचं विचारलं होतं. हे त्याचं उत्तर होतं.

"शिंदे, अडलं का काय?" भाऊसाहेब खुर्ची सरकवत म्हणाले. "सांगू का वाचून?"

"नको भाऊसाहेब. होतंय."

"आवो, बटन तर बघायचंय. माझे डोळे काय झिजनार हायत?"

"होतंय म्हटलं ना."

ते हसले आणि बसून राहिले. मी हेडफोन कानांवर दाबून धरले. तिसरं बटन दाबून तशीच फाइल उघडली असती, तर व्हायरस ऑफिसच्या मशीनमध्ये शिरला असता आणि पोरांच्या मार्कांच्या फाइली तिथंच होत्या. मी पहिल्या बटनावर आलो आणि एंटर दाबलं.

"फाइल डिलीटेड."

जाधवनं दोनच दिवसांपूर्वी अँटीव्हायरस नवीन टाकला होता. त्यात बटनांचा क्रम बदलला होता. मी विचारलं नव्हतं, आणि मला सांगायचं त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

शैलाच्या घराशेजारी किराणा दुकान होतं, तिथं तिला फोनवर बोलावता यायचं. नंबर मला पाठ. अख्ख्या कॉलेजला लाइन जोडून देणारा मी. पण काय विचारणार? तुझं उत्तर मी पुसलं, आता दुकानातल्या चार गिऱ्हाइकांसमोर परत सांग? खरं कारण वेगळंच होतं. नकार तिच्या तोंडून ऐकायची माझी छाती नव्हती. मी बुधवारची वाट पाहत बसलो.

"फ्लॉपीवर नंतर काही सेव्ह केलंत का?" जाधवनं विचारलं.

"हातसुद्धा लावला नाही."

"मग येईल. पुसलेली फाइल लगेच जात नाही, नुसतं तिचं नाव खोडलं जातं."

दहा मिनिटांत त्यानं ती परत आणली, साफ केली. "बघू का, नीट आलीय का?"

मी हेडफोन उचलून हातात घेतले.

"राहू द्या," तो म्हणाला. "स्क्रीन बंद करतो. तुम्ही ऐका."

पत्र चार ओळींचं होतं. 'रविवारी मला बघायला पाहुणे येताहेत. माझं उत्तर हो आहे. तुमचा फोन आला तर मी बाबांशी बोलेन. नाही आला तर तुमचा विचार बदलला असं समजेन.'

मी लगेच नंबर फिरवला.

"शैला व्हय?" दुकानदार म्हणाला. "तिची सुपारी फुटली की रविवारीच. लई चांगलं स्थळ मिळालं. काही निरोप हाय का?"

"नाही," मी म्हणालो आणि लाइन सोडली. भाऊसाहेबांनी मुंबईचा नंबर मागितला, तो जोडून दिला.

आता अँटीव्हायरसची बटनं आपापली नावं सांगतात. तरी निवृत्त होईपर्यंत ऑफिसात नवीन लागलेल्या प्रत्येकाला मी एकच सांगत आलो. अडलं तर शेजाऱ्याला विचारा. फार तर काय होईल, तो तुमचं पत्र वाचेल.