लाव म्हणजे चालू का बंद

आधी नाव सांगतो, मग बाकीचं. रज्जाकचाचा. तुळजापूरच्या ज्या कॉलेजात मी अकरावी केली, तिथल्या लायब्ररीचे शिपाई. मला आज अर्ज लिहिता येतो, तुम्ही हे वाचताय ते लिहिता येतंय — ते त्यांच्यामुळं. आणि त्यांच्याशी मी काय केलं, ते आजवर कुणापाशी बोललो नाही. आईपाशी नाही, बायकोपाशी नाही. इथं कोइमतूरला तर कुणापाशी बोलणार? पंपाच्या कारखान्यात पॅकिंगला आहे मी. मराठी कळणारं माणूसच नाही आसपास.

कॉलेज का सोडलंस, असं कुणी विचारलं की मी एकच शब्द सांगत आलो — परिस्थिती. सोयीचा शब्द आहे. पुढं कुणी खोदत नाही. पण खरं सांगू? आमची परिस्थिती इतकी काही वाईट नव्हती. वडलांनी बारावीची पुस्तकंसुद्धा आणून ठेवली होती.

मग का सोडलं? सांगतो. जरा लांबून यावं लागतंय.

यंदा मे महिन्यात चुलतबहिणीच्या लग्नाला आमच्या गावी, तामलवाडीला गेलो होतो. कारखान्यात कायम करायचं तर कॉलेज सोडल्याचा दाखला लागतो म्हणाले, आणि तो मी कधी नेलाच नव्हता. म्हणून सतरा वर्षांनी त्या फाटकातनं आत गेलो. भीती होतीच — पण त्याहून जास्त म्हणजे, बघावंसं वाटत होतं. काय राहिलंय, काय गेलंय? सायकल स्टँडच्या पत्र्यावर कुणीतरी कुरडया वाळत घातल्या होत्या. लिंबाखाली दोन पोरी चप्पल काढून बसलेल्या, मधे पेरूची फोड, तिखटमीठ आणि एकच मोबाइल. लायब्ररी वरच्या मजल्यावर गेली होती. जुन्या खोलीत आता मोडक्या बाकांचा ढीग. मी खिडकीला नाक लावून बघत बसलो, चोरासारखा.

ऑफिसात क्लार्क बाई माझं नाव रजिस्टरात शोधत होत्या. उकडत होतं. तिथल्या शिपायाला म्हणाल्या, "अहो, पंखा लावा की." तो लगेच, "चाचाचं लाव का आपलं लाव, मॅडम?" सगळं ऑफिस हसलं.

तिथले चाचा म्हणजे एकच, हे मला माहीत होतं. तरी विचारलं — काय आहे हे, चाचाचं लाव?

"जुनी गंमत आहे हो," शिपाई म्हणाला. "एक रज्जाकचाचा होते इथं. त्यांनी म्हणे एका पोराला सांगितलं, पाण्याचा कॉक लाव. त्यांना म्हणायचं होतं बंद कर, अन् पोरानं केला चालू! सगळी लायब्ररी पाण्यात. तवापास्नं चाचा एकेक गोष्ट दोनदा सांगायचे. 'दार लाव — म्हंजी बंद कर. दिवा लाव — म्हंजी चालू कर.' रिटायर होईस्तोवर! लई हसायचो आमी."

मीही हसलो. हे लिहून ठेवतो, कारण नंतर मलाच खोटं वाटेल. तिथं उभं राहून, दाखला हातात घेऊन, मी हसलो.

ते पोरगं मी होतो.

आणि चाचा "लाव" म्हणालेच नव्हते.

अकरावीची परीक्षा झाली, मे लागला. आमच्या घरावर पत्रे, दुपारी आत बसवत नसे. चाचांनी सुट्टीतही मला लायब्ररीत बसू दिलं. एसटीनं सकाळी यायचं, वाचायचं. मधल्या वेळात ते मला अर्ज लिहायला बसवायचे. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण कॉलेजातले निम्मे अर्ज त्यांच्या नजरेखालनं जायचे. "कृपया एकदाच लिव्ह," म्हणायचे. "दोनदा लिव्हलं की लाचारी वाटती." शब्दाला फार जपायचे. बोलतानाही एखादा शब्द दाताखाली तपासून मगच पुढं टाकल्यासारखे.

माझ्याकडं एकच काम होतं. कूलरमध्ये पाईपनं पाणी सोडायचं आणि भरला की कॉक बंद करायचा. त्या शनिवारी चाचांना लवकर जायचं होतं. दारातनं म्हणाले, "कूलर भरला की कॉक बंद कर आन् किल्ली ऑफिसात दे." बंद कर. स्वच्छ शब्द. आजही कानात आहे.

मी पाणी सोडलं. तेवढ्यात मित्रांनी खालून हाक मारली, रसवंतीवर चल म्हणून. दाराला कुलूप घातलं, किल्ली दिली, गेलो. बस्स, एवढंच. रस प्यायला गेलो. सोमवारी आलो तर खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं भिजलेल्या भाकरीसारखी फुगलेली, आणि टँकरनं भरलेली टाकी ठणठणीत रिकामी. त्या उन्हाळ्यात, जेव्हा घागरीसाठी भांडणं व्हायची.

प्राचार्य साहेबांनी दोघांना बोलावलं. मी घाबरलो होतो, हे खरं. पण नुसता घाबरलो असतो तर गप्प बसलो असतो. मी विचार केला. दारापासून त्यांच्या टेबलापर्यंतच्या चार पावलांत मी शब्द निवडला. आपल्या भाषेत दार लाव म्हणजे बंद कर, आणि पंखा लाव म्हणजे चालू कर. मी म्हणालो, "सर, चाचा म्हणाले कॉक लाव. मी लावला."

साहेब हसले. "चाचा, तुमचं मराठी म्हणजे ना..." हेडक्लार्कही हसले. मला माहीत होतं, ते हसणार. रज्जाक नाव आहे म्हणून त्यांचं मराठीच कच्चं असणार, हे कुणालाही पटणार — हे सतरा वर्षांच्या मला बरोबर ठाऊक होतं. शब्द मी कुणाकडनं शिकलो होतो?

चाचा माझ्याकडं वळले. रागानं नाही, खरंच विचारत होते. "बंद कर म्हणलो हुतो न्हाय का रे?"

"न्हाय चाचा. लाव म्हणलात."

त्यांनी दोन्ही शब्द ओठातल्या ओठात म्हणून बघितले. मग साहेबांना म्हणाले, "आसंल सर. म्या म्हणलो आसंल."

शिक्षा म्हणून त्यांना फाटकावर उन्हात बसवलं. पण मला सारखं वाटत राहतं ते वेगळंच. ते मला वाचवत होते, की त्यांना खरंच तसं वाटलं? मी त्यांचा स्वतःच्या जिभेवरचा विश्वास काढून घेतला का? दोनदा सांगायची सवय ऐकली, आणि मला उत्तर मिळालं. जूनमध्ये मी कॉलेजात गेलोच नाही. फाटकातनं जावं लागलं असतं.

चाचा आता नळदुर्गला लेकीकडं असतात, असं शिपाई म्हणाला. माझ्या हातात दोन दिवस होते. तुळजापूरच्या स्टँडवर नळदुर्गची गाडी लागलेली होती, खिडकीची जागाही रिकामी होती. मी गावाकडं जाणाऱ्या सोलापूरच्या गाडीत बसलो.

दिवाळीच्या सुट्टीत येईन. आधी त्याच ऑफिसात जाईन आणि हसणाऱ्यांसमोर सांगीन, चाचा काय म्हणाले होते ते. मग नळदुर्गला जाऊन त्यांना सांगीन — चाचा, तुम्ही बरोबर बोलला होता. त्यांचा शब्द त्यांना परत करीन.