गच्चीवरचं जास्तीचं पान

सर्वपित्रीला आईनं गच्चीच्या कठड्यावर यंदाही एक पान जास्तीचं ठेवलं. लहानपणी माझ्या भावाची उंची खुंटली होती. तेव्हा मेलेल्या माणसांच्या मेंदूतल्या ग्रंथीपासून काढलेलं औषध त्याला टोचत. तो वाढला, आणि त्या अनोळखी मृताचं पान आमच्याकडे सुरू झालं. त्याच औषधातून आलेला रोग इतकी वर्षं दबा धरून होता. आता त्यानं भावाचा मेंदू पोखरलाय. तो आईलाही ओळखत नाही.

"आता कशाला त्या मेलेल्याचं पान?" मी चिडून विचारलं.

"आपल्यात रोग आहे हे त्याला तरी कुठं ठाऊक होतं, बाळा?"

उपकार आणि घात एकाच सुईतून आले, तर हात कुणाला जोडायचे? कावळा पानाला शिवला. खालच्या खोलीतून भावाचं कण्हणं ऐकू आलं. आईनं हात जोडले. माझे काही जुळले नाहीत.