सळईवाले सर

नळातून पाणी वाहतंय की नाही हे पाहायला आमचे सर पाइपाला दात लावायचे. म्हणजे अगदी दात नाही, पण जवळजवळ तसंच. हातभर लांबीची एक लोखंडी सळई त्यांच्याकडे असायची. तिचं एक टोक पाइपवर टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं, डोळे मिटायचे आणि हात वर करून आम्हाला गप्प बसवायचं. थोड्या वेळानं सळई रुमालानं पुसत ते सांगायचे, "वाहतंय. वरच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडलाय." आमच्यातला एखादा जिना चढून बघून यायचा. नळ खरंच सोडलेला असायचा.

दौंडच्या एका प्रशिक्षण केंद्रात सर आम्हा प्लंबिंगवाल्यांना विज्ञान शिकवायला होते. सगळा जन्म रेल्वेत पाण्याच्या लाइनवर फिटर म्हणून काढलेला. निवृत्त झाले तरी निळा शर्ट काही सुटला नव्हता. मी मांडवगण फराट्याहून एसटीनं यायचे. बारावीला फिजिक्समध्ये दोनदा आपटले होते आणि घरच्यांनी माझ्यापुढं हात टेकले होते. वर्गात अकरा जणांत मी एकटी मुलगी. सर कुणालाच नावानं हाक मारत नसत; ज्याचं जे गाव, तेच त्याचं नाव. "ए इनामगाव, पाना कुठाय? मांडवगण, तू इकडं ये, पुढं. मागं बसून काय दिसणार?"

पहिल्याच आठवड्यात त्यांनी बाकावर एक मोठं पिंप ठेवलं आणि शेजारी पाच लिटरचा डबा, खाली विटा लावून. दोन्हींतलं पाणी एका पातळीत. खालून दोघांना एक पारदर्शक नळी जोडली, मधे चावी. "चावी खोलली तर कोण कुणाला ढकलंल?" आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, पिंप डब्याला ढकलणार. सरांनी चावी खोलली. पाणी जागचं हललं नाही. मग त्यांनी डबा उचलून स्टुलावर ठेवला, तर तो एवढासा डबा मोठ्या पिंपात पाणी ओतायला लागला. "पाण्याला पिंप केवढं हाय ते कळत न्हाई, पोरांनो. किती उंच हाय तेवढंच कळतं." पुस्तकात दोन वर्षं जे डोक्यात शिरलं नव्हतं ते मला त्या पाच मिनिटांत दिसलं. मी वहीत काहीच लिहिलं नाही. नुसती बघत राहिले.

'असेल' या शब्दाची त्यांना चीड होती. गळती कुठं आहे विचारल्यावर कुणी "इथं असेल" म्हणालं की ते थांबायचे. "असंल न्हाई. हाय म्हण, न्हाईतर न्हाई म्हण. ठाऊक नसलं तर ठाऊक न्हाई म्हण, त्यात लाज कसली? लोकांची फरशी फोडायची हाय आपल्याला."

सळई दातांत का धरता, असं एकदा मी विचारलं. सरांनी तिचं टोक माझ्या कानामागच्या हाडावर टेकवलं आणि दुसऱ्या टोकाला नखानं टिचकी मारली. डोक्याच्या आत घंटा वाजावी तसा आवाज आला. "आवाज काय नुसता हवेतनंच येतो व्हय? हाडातनं बी येतो." सगळा वर्ग हसला, सरही हसले. ते धड्याचाच भाग म्हणून सांगतायत असं आम्हाला वाटलं. कारण वेगळं होतं, ते मला पुढं कळलं. लहानपणापासून त्यांचे दोन्ही कान वाहत. पडदे कधीच गेले होते. सरांना हाडातूनच ऐकू यायचं.

दुसऱ्या सहामाहीत तेही कमी होत गेलं. दाबाबद्दल विचारलं तर ते उताराबद्दल सांगायचे. आपण बोलत असलो की आपल्या ओठांकडं बघायचे. मुलं एकमेकांना कोपरानं ढोसायची. मी ढोसत नव्हते, पण बोलतही नव्हते.

त्याच सुमारास शिरूरकडच्या एका गावातल्या मुलींच्या वसतिगृहातून बोलावणं आलं. नव्या फरशीखाली कुठंतरी पाइप गळत होता, भिंतींना ओल चढली होती. सर आम्हाला सगळ्यांना घेऊन गेले. आधी आम्हाला एकेकाला सळई देऊन हॉलभर ऐकायला लावलं. न्हाणीघराच्या भिंतीजवळ मी सळई कानाला लावली आणि मला स्पष्ट ऐकू आलं. बारीक, सलग सुस्कारा. मी सांगणार, तेवढ्यात सर हॉलच्या मधोमध गुडघ्यांवर बसले, सळई दातांत धरली आणि बराच वेळ डोळे मिटून राहिले. मग खडूनं खूण केली. "इथं हाय."

फरशी फोडली. खाली ठणठणीत कोरडं. सरांनी पुन्हा सळई धरली, हातभर अंतरावर दुसरी खूण केली. तीही फोडली. माती तशीच कोरडी. मी भिंतीजवळ उभी होते. माझ्या पायाखाली पाणी गळत होतं आणि मी तोंड मिटून उभी होते. सरांच्या शब्दापुढं शब्द कसा टाकायचा?

वसतिगृहाच्या बाई शेवटी चिडल्या. "अहो, तुमच्या सरांना ऐकू तरी येतं का?"

आम्ही सगळ्यांनी सरांकडं पाहिलं. सरांना शब्द ऐकू आले नसावेत; पण आमचे चेहरे त्यांनी पाहिले. ते उठले, सळई पुसली आणि माझ्या हातात दिली. "तू ऐक, मांडवगण."

ऐकायचं काय राहिलं होतं? मी भिंतीजवळ बोट दाखवलं. तिथं फोडल्याबरोबर ओला चिखल वर आला.

परतताना एसटीत सर माझ्या शेजारी बसले. त्यांनी विचारलं, "तुला आधीच ऐकू आलं हुतं?"

मी मान हलवून नाही म्हणाले.

"खरं सांग."

मी मान खाली घातली. त्यानंतर दौंड येईपर्यंत ते खिडकीबाहेरच बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात उभं राहून सांगितलं, "काल दोन खड्डे माझ्यामुळं पडले. मला ऐकू येत न्हाई, आन् मी 'इथं हाय' म्हटलं. तुम्ही तसं कवा करू नका." एवढं बोलून ते ऑफिसात राजीनामा द्यायला निघाले. मी दारातच उभी होते. माझ्याजवळून जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढं मला दौंडमध्येच काम मिळालं. मधूनमधून त्यांच्या घरी जायचे. कानाच्या आतली शीरच गेली होती, त्यामुळं डॉक्टरांनी दिलेलं ऐकायचं मशीन डबीतच पडून असायचं. अजान ऐकू येत नाही म्हणून ते घड्याळ बघून नमाजाला उठायचे. बोलणं पाटीवर लिहून चाले. मी कामाचं लिहायचे, ते उत्तर बोलून द्यायचे, आणि आपला आवाज आपल्यालाच कळत नसल्यानं फार मोठ्यानं बोलायचे. त्या दिवसाविषयी पाटीवर कधीच काही आलं नाही.

मग ते छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळले. एका रविवारी मी भेटायला गेले तर सर भिंतीकडं तोंड करून पडलेले. मी खुर्चीत बसले आणि काय झालं कुणास ठाऊक, सगळं बोलून टाकलं. मला ऐकू आलं होतं, मी बोलले असते तर एकही खड्डा पडला नसता, तुम्ही वर्गात असता. ऐकू येणार नाही याची खात्री होती म्हणूनच बोलले. मागं दारात चाची, म्हणजे सरांच्या पत्नी, चहा घेऊन उभ्या होत्या.

"बेटी, ऐकलं ते मीच. काय उपेग?" त्या म्हणाल्या. "लिहून दे त्यांना."

पाटी तिथंच उशाशी होती. मी म्हणाले, नीट पत्र लिहून आणते, पुढच्या रविवारी.

लिहिलं. चार पानं झाली. शनिवारी सकाळी आमच्या वर्गातल्या इनामगावचा फोन आला, सर गेले. मी धावत गेले, तर माणसं सरांना घेऊन गेलेली होती. खोलीत बायका बसल्या होत्या. चाचींनी मला जवळ बसवून घेतलं. माझ्या पर्समधून डोकावणारा लिफाफा त्यांना दिसला.

"आणलंस?"

मी मान डोलावली.

"वाच."

"आता काय वाचू, चाची?"

"त्यांच्यासाठी लिवलंय ना? मंग त्यांच्या घरात वाच."

मी पानं उलगडली. पहिली ओळ वाचली. नुसते ओठ हलत होते. चाचींनी माझा हात घट्ट धरला.

"मोठ्यानं, बेटी," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

मी घसा साफ केला आणि पहिल्यापासून वाचायला लागले.