खंडेनवमीचा गो-लाइव्ह

"मॅडम, स्क्रीनवर काहीच येत नाय," म्हात्रे माझ्या कानाशी कुजबुजला.

लॅपटॉपवर टँकच्या नावांपुढे नुसते रिकामे चौकोन. शेडमध्ये अख्खी फॅक्टरी जमलेली, झेंडूच्या माळा, पेढ्यांचे बॉक्स. आज खंडेनवमीच्या मुहूर्तावर आमच्या ॲपचा गो-लाइव्ह, म्हणजे ते खऱ्या वापरासाठी सुरू होणार होतं. एमडी साहेब पूजा आटोपून थेट आमच्याकडेच येणार होते.

ही तळोज्यातली केमिकल फॅक्टरी. म्हात्रे इथला सेफ्टी ऑफिसर. गॅस लीक झाला की सेन्सरमुळे कंट्रोल रूममध्ये भोंगा वाजतो, पण आवाराच्या टोकाला काम करणाऱ्याला तो ऐकू जात नाही. असेच दोन कामगार एकदा गॅसमध्ये सापडले आणि थोडक्यात वाचले. तेव्हापासून म्हात्रेने ध्यासच घेतला, अलर्ट प्रत्येकाच्या मोबाइलवर गेला पाहिजे. कोडिंगचा त्याला गंध नाही. त्याने ॲप लो-कोडमध्ये बनवलं, म्हणजे कोड न लिहिता स्क्रीनवरचे तयार ठोकळे ओढून एकमेकांना जोडले. आणि काय सुंदर बनवलं होतं! कंपनीच्या महाप्याच्या ऑफिसात बसून मी मोठमोठ्या टीमची ॲप्स बघते, पण इतकं नेमकं काम क्वचितच बघितलंय.

माझं काम त्या ॲपला क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या दूरच्या कम्प्युटरवर, जागा करून देणं. त्या जागेला आम्ही एन्व्हायर्नमेंट म्हणतो. आमच्याकडे अशा तीन असतात. डेव्हमध्ये ॲप बनवायचं, टेस्टमध्ये खोटे आकडे घालून तपासायचं, आणि प्रॉडक्शनमध्ये खरी माणसं खरे आकडे बघतात. प्रॉडक्शनसुद्धा मी आदल्या संध्याकाळी तपासलं होतं. आकडे धडाधड येत होते. म्हणून तर मी निर्धास्तपणे नवी साडी नेसून आले होते.

एमडींनी आधीच बजावलं होतं, "आज चाललं तर तुमचं. नाहीतर बाहेरच्या कंपनीचं सॉफ्टवेअर घेतोय." ते सॉफ्टवेअर फक्त कंट्रोल रूममध्ये दिसणार होतं. मोबाइलवर नाही.

मी आधी परमिशन, म्हणजे आकडे बघायच्या परवानग्या, तपासल्या, कारण बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो. सगळं ठीक. मग गेटवे बघितला. गेटवे म्हणजे फॅक्टरीतलाच एक साधा पीसी. सेन्सरचे आकडे गोळा करून तो क्लाउडला पाठवतो. त्याच्यापुढे लाल ठिपका होता. ऑफलाइन.

"तो पीसी कुठे ठेवलाय?"

"मेंटेनन्सच्या खोलीत."

आम्ही दोघं पळत सुटलो. खोलीच्या दाराला तोरण. आत पाने, हातोडे, ड्रिल, वेल्डिंग मशीन, सगळं ओळीने मांडून हळदकुंकू लावलेलं. आणि ओळीच्या शेवटी आमचा गेटवे! मॉनिटरला हार, कीबोर्डवर झेंडूचं फूल, आणि पीसी ठार बंद. मला हसावं की रडावं कळेना.

शिंदेमामा तिथले फोरमन, मूळचे साताऱ्याचे. उदबत्ती फिरवत होते.

"मामा, हा कुणी बंद केला?"

"म्याच की. आज हत्यारांना सुट्टी असती. आता उद्याच हात लावायचा."

म्हात्रेचा चेहरा उतरला. त्या खोलीत मामांच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. सणाच्या दिवशी त्यांना डावलून बटण दाबायचं माझ्याही जिवावर आलं होतं. मग एकदम सुचलं.

"मामा, बॉयलरची पूजा झाली?"

"झाली की."

"मग तोही बंद केलात?"

"छ्या! चालू बॉयलरलाच हार घातला. त्यो थांबवून कसं चालंल?"

"हाही तसलाच आहे, मामा. हा थांबला तर गॅस लीक झालेला पोरांना कळणार नाही."

मामा पीसीकडे बघतच राहिले. "एवढासा डबा?"

"एवढासाच."

त्यांनी फूल उचलून बाजूला ठेवलं, पीसीला नमस्कार केला आणि स्वतः बटण दाबलं. "मग हे आदीच सांगायचं न्हाई का?"

"चुकलंच, मामा," म्हणत मी दाराकडे पळाले.

आम्ही शेडमध्ये धापा टाकत परतलो तर साहेब लॅपटॉपसमोर उभे. आणि एकेक चौकोन भरत होता! नाचावंसं वाटत होतं. म्हात्रे टेस्ट गॅसचा छोटा सिलिंडर घेऊन सेन्सरकडे धावला. चाचणी होणार हे सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, तरी त्याने नॉब फिरवल्यावर शेडभर फोन खणखणायला लागले तेव्हा भटजीसुद्धा दचकले. साहेबांचाही खिसा वाजला.

तेवढ्यात म्हात्रेला फोन आला. आवाराच्या पार टोकाला ड्यूटीवर असलेला ऑपरेटर ओरडत होता, "साहेब, वाजला! हिकडं पन वाजला!" म्हात्रेने तोंड फिरवून डोळे पुसले. माझेही भरून आले होते.

साहेब म्हणाले, "त्या कंपनीला नको म्हणून कळवा."

क्लाउड म्हटलं की आपण सगळे वर बघतो. पण तो शेवटी कुठल्यातरी खोलीतल्या एका बटणावर चालतो. गो-लाइव्हच्या आधी त्या खोलीतल्या माणसाला भेटून यावं, आणि त्याला नीट सांगावं की हे कशासाठी आहे.