राजानंद सरांचे चाळीस बॉल

मुलींचा संघ बाहेरगावी निघाला की सोबत एक बाई लागते. आमच्या भोकरदनच्या शाळेत ती बाई म्हणजे मी, कारण मला नाही म्हणता येत नाही. शिकवते विज्ञान, आणि बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. सहा वर्षं एसटीत बॅटांची पिशवी मांडीवर घेऊन जे काही कळलं, ते राजानंद सरांमुळे.

सर त्रेपन्न वर्षांचे. खेळाचे शिक्षक म्हटलं की शिट्टी आणि दरारा डोळ्यांपुढे येतो. सरांकडे शिट्टी तेवढी आहे. मतदारयाद्या, खिचडीचा तांदूळ, जंतांच्या गोळ्या, सगळं त्यांच्याच गळ्यात. मैदानावर येतात तेव्हाच दमलेले असतात. त्यांचा उजवा हात कोपरात सरळ होत नाही. कॉलेजात बॉल वळवायच्या नादात मनगट पिळून पिळून फेकला, सांगणारं कुणी नव्हतं, आणि एका हंगामात कोपर गेलं.

म्हणून हा वळणारा बॉल, म्हणजे कर्व्ह, ते असा शिकवतात की बघणारा कंटाळून घरी जावा. चौदा वर्षांच्या आत नाहीच. आधी वर्षभर नुसता सरळ बॉल. मग मधलं बोट शिवणीवर, अंगठा खालून, मनगट ताठ. "पिळायचं न्हाई. कुऱ्हाडीनं लाकूड फोडता ना, तशी हाताची कड पुढं ठेवून खाली आणा. बॉल आपोआप वळतो. कोपर खांद्याच्या खाली आलं की थांबा." दिवसाला चाळीस बॉल, त्यात कर्व्ह दहाच, नंतर दोन दिवस सुट्टी. प्रत्येक बॉलची वहीत रेघ. मी एकदा चिडून म्हटलं, "सर, पोरी जिंकायला येतात की हजेरी लावायला?" ते म्हणाले, "बाई, जिंकायचं पुढं बघू."

शिवकन्या दहावीची. तिची आई कौसल्याबाई राजूरच्या रस्त्याला एका मोसंबीच्या बागेत कामाला. शिवकन्येचा कर्व्ह छातीकडे यायचा आणि गुडघ्याशी पडायचा. समोरच्या मुली हवेतच बॅट फिरवायच्या. राज्य पातळीवर खेळली तर दहावीला जादा गुण मिळणार होते, आणि तिला त्यांची गरज होती, कारण गणित आणि ती यांचं जन्माचं वैर.

शाळेत बॉल सातच. म्हणून सरांनी पोरींना सांगितलं, बागेत गळून पडलेल्या मोसंब्या घरी न्या, हातात धरून बोटं बसवायची सवय करा. मला ती युक्ती फार आवडली होती.

जालन्यात जिल्ह्याची फायनल होती. शेवटचा डाव, आम्ही दोन रनांनी पुढे. शिवकन्येचे लागोपाठ दोन कर्व्ह वळलेच नाहीत. सरांनी खेळ थांबवून घेतला आणि मैदानात गेले. मी पाण्याची बाटली घेऊन मागे.

"हात सरळ कर."

तिनं केला. पुरता झाला नाही.

"कवापासून दुखून राह्यलं?"

"पोळ्यापासून."

"चाळीसच्या वर तू एकदाबी फेकला न्हाई. माझ्या वहीत हाय."

"बॉल चाळीसच, सर." ती खाली बघत होती. "घरी मोसंब्या फेकीत व्हते. बांधावर पोतं टांगून. रोज दीडशे-दोनशे. जल्दी वळाव्या म्हणून पिळून." मग खरंच न कळून तिनं विचारलं, "त्याबी मोजायच्या व्हत्या का?"

सरांचा चेहरा बघवेना. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "न्हाई, चूक माझी हाय," म्हणाले आणि तिच्या हातातला बॉल काढून घेतला.

"सर, तीनच पोरी बाद करायच्या राह्यल्या! बिलकुल दुखत न्हाई!"

मीही म्हटलं, तीनच तर आहेत. खोटं कशाला बोलू, मलाही जिंकायचं होतं. सरांनी नववीच्या साक्षीला बोलावलं. तिनं जीव तोडून फेकले. आम्ही एका रननं हरलो.

परतीच्या एसटीत सरांशी कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी कौसल्याबाई शाळेत आल्या. "अजून थोडे बॉल टाकू दिले असते तर काय हात तुटला असता? तुमची नोकरी चालूच हाय सर, आमच्या पोरीचं वर्ष गेलं." सर म्हणाले, "बराबर हाय तुमचं." आणि मायलेकींना घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. कोपराच्या आतला अस्थिबंध ताणून सुजला होता. सहा महिने फेकणं बंद.

संक्रांतीच्या आठवड्यात शिवकन्या प्रार्थनेआधी सरांपुढे येऊन उभी राहिली. हात लांब केला. खांद्यापासून बोटांपर्यंत सरळ. दुसऱ्या हातात राज्य संघाच्या निवड चाचणीचा अर्ज होता; संघ हरला तरी ती चाचणी एकटीला देता येत होती.

"झाला बघा. सही द्या, सर."

सरांनी कोपर चाचपलं. दोनदा वाकवलं, दोनदा सरळ केलं. "चारच महिने झाले. न्हाई."

"मंग माझी दहावी निघून जाती, सर."

"जाऊ दे. हात राहील."

तिनं अर्जाची घडी केली आणि वर्गाकडे निघून गेली. मला वाटलं होतं, कधीतरी ती पाया पडेल. अजून पडलेली नाही. बोलतही नाही. तिचं चुकतंय असं मला वाटत नाही, आणि सरांचं चुकलं असंही म्हणवत नाही.