रुखवतात गेलेल्या इस्त्र्या

मला जुन्या इस्त्र्या जमवायचा नाद आहे, हे मी आपण होऊन कुणाला कधी सांगितलं नाही. ज्यांना कळलं त्यांना ठेच लागून कळलं. मारुंजीच्या आमच्या घरात दिवाणाखाली त्या ठेवलेल्या असत, आणि केर काढताना किंवा खाली गेलेली चप्पल ओढताना कुणाचा ना कुणाचा अंगठा त्यांच्यावर आदळायचाच. मग आमचे हे ओरडायचे, "हे लोखंड काढ हितनं, न्हाईतर मी तरी जातो!" मी इस्त्र्या आणखी जरा आत सरकवायची. हे पण कुठे जायचे नाहीत.

गंमत अशी की मला इस्तरी करता येत नाही. साड्या कोपऱ्यावरच्या इस्तरीवाल्याकडे जातात. ज्याला पोहता येत नाही त्याने विहिरी जमवाव्यात, तसं माझं.

सुरुवात रद्दी द्यायला गेले तेव्हा झाली. गावातली जुनी घरं पडत होती, सोसायट्या उभ्या राहत होत्या, आणि त्या घरांच्या पोटातलं सगळं आमच्या मागच्या गल्लीतल्या भंगाराच्या दुकानात येऊन पडत होतं. तिथे मला कोळशाची एक पितळी इस्तरी दिसली. झाकणाच्या खिटीवर छोटा कोंबडा होता. मी रद्दी दिली आणि कोंबडा घेऊन घरी आले. त्यानंतर दुकानदार मला लांबून बघूनच हाक मारायला लागला, "भाभी, इस्तरी आया है!" सगळी गल्ली वळून बघायची. मी डोक्यावर पदर ओढून, जणू दुसऱ्याच भाभीला हाक मारली असं दाखवत पुढे निघून जायची, आणि सोसायटीला वळसा घालून मागच्या बाजूने परत यायची.

पुढे पुढे साध्या इस्त्र्यांवर माझं मन भरेना. एकीतच दोन-तीन कामं करणाऱ्या आवडायला लागल्या. एकीची मूठ निघायची आणि वेगवेगळ्या बुडांवर बसायची. एकीच्या कडेला झालरीच्या चुण्या पाडायला पन्हाळीचा पत्रा होता. वरच्या खोल्यांत कंप्युटरवाली मुलं भाड्याने राहतात, त्यातल्या एकाने मोबाईलमध्ये बघून मला सांगितलं, "काकू, हे अँटिक आहे. मल्टिपर्पज!" तो शब्द मी दिवसभर तोंडात घोळवला. घरात धुणी, भांडी, स्वयंपाक, भाडेकरूंच्या पाण्याची मोटार आणि ह्यांचा राग असं सगळं मी एकटी सांभाळते, पण तो शब्द इस्तरीला मिळाला.

त्यातली एक माझी फार लाडकी होती. दिसायला ओबडधोबड, एका बाजूला चेपलेली. तिचं झाकण उघडून मागे टाकलं आणि तिच्याबरोबरचं तीन बोटांचं कडं वर बसवलं, की तिची शेगडी व्हायची. कड्यावर पातेली ठेवायची आणि आतल्या निखाऱ्यांवर चहा करायचा. ती कुणी बनवली माहीत नाही, पण त्या माणसाच्या डोक्यात एवढं आलं होतं की इस्तरी करणाऱ्या बाईला मध्येच चहा लागतो. मला कुणी असं कधी विचारलं नव्हतं. म्हणून मी तिला सगळ्यांत आत, भिंतीला लावून ठेवायची. पेटवून मात्र कधी बघितली नाही. घरात धूर झाला असता आणि मग धुराबद्दल बोलावं लागलं असतं.

मुलीचं लग्न ठरलं पौडच्या पुढच्या माले गावातल्या घरात. भाताची शेती, चार माणसं, विहीणबाई आवाजाने खणखणीत. आता लग्नात रुखवत मांडायचं. हल्ली सगळे तयार रुखवत आणतात, थर्माकोलचा बंगला, मण्यांची गाडी, पुठ्ठ्याची पालखी. माझ्या डोक्यात आलं, आपलं जरा वेगळं असू द्या. लाडू-चिवड्याच्या डब्यांमागे मी माझ्या इस्त्र्या ओळीने मांडल्या, चिंचेने घासून लख्ख केलेल्या. मधोमध ती शेगडीवाली, तिच्यावर कडं आणि कड्यावर इवलीशी पातेली.

कार्यालयात बायका टेबलाभोवती जमल्या. "अगंबाई, हे काय नवीन?" "कुणाची गं कल्पना?" मी खांबामागे उभी राहून सगळं ऐकत होते. पुढे व्हायचं धाडस नव्हतं, पण तिथून हलवतही नव्हतं. जन्मात पहिल्यांदा मी काहीतरी चारचौघांत मांडलं होतं.

रुखवतात मांडलेलं सगळं नवरीबरोबर सासरी जातं, हे लहान पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. दहा लग्नांत मी स्वतः रुखवतं बांधून टेम्पोत चढवली आहेत. पण आपल्या इस्त्र्या म्हणजे रुखवत, हे डोक्यातच आलं नाही. पाठवणीची रडारड चालली होती आणि मला दिसलं, आमचे दीर इस्त्र्या गोणीत भरतायत. मी तोंड उघडलं. तेवढ्यात मुलगी गळ्यात पडली. सगळ्यांना वाटलं मी मुलीसाठी रडतेय. रडत होते मुलीसाठीच, पण सगळं नाही.

घरी आल्यावर मी ह्यांना सांगितलं. हे हसून हसून खाली बसले. "आता? आता काय विहीणबाईंना म्हणणार, रुखवत परत द्या? लेक पण आणतीस का परत?" दिवाणाखाली वाकून बघत म्हणाले, "पाय किती लांब जातोय बघ आता!"

मुलीकडून थोडंथोडं कळत गेलं. तिथल्या भावकीतल्या बायका म्हणाल्या होत्या, "विजेची एक इस्तरी द्यायची ऐपत नव्हती व्हय, म्हणून जुनाट दिल्या?" ते ऐकून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मग भात झोडायच्या दिवसांत मुलीचा फोन आला. आवाज बारीक करून म्हणाली, "आई, सासूबाई घर आवरतायत. बाकीच्या इस्त्र्या कामाला लावल्यात, पण ती चेपकी त्यांना मोडकी वाटतीया. मंगळवारी भंगारचा टेम्पो येतो, त्याला देणारेत. मला न्हाई बाई बोलता येत, नवीन हाय मी. तूच सांग."

मला सांगता येत असतं तर इस्त्र्या गेल्याच कशाला असत्या?

तरी मंगळवारी मी निघाले. पौडला गाडी बदलून मालेला पोचेपर्यंत एकच वाक्य पाठ करत होते, "विहीणबाई, ती एक इस्तरी मला हवी होती." सोपं वाक्य. चौथीच्या पुस्तकातलं वाटावं असं.

विहीणबाईंनी दारातच हात धरून आत नेलं. "या या, वाट चुकलात जणू!" मी बसले आणि बघते तर काय, माझ्या इस्त्र्या घरभर पांगलेल्या. कोंबडावाली दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दारात. एकीत निखारे आणि कडुनिंबाचा पाला घालून गोठ्यात धुरी चाललेली. अंगणात भाताच्या राशीवर ताडपत्री, तिच्या चार कोपऱ्यांवर चार. एकीने आंब्याच्या लोणच्याच्या बरणीवरचं फडकं दाबलेलं. मी एवढी वर्षं मल्टिपर्पज म्हणून त्यांची धूळ पुसली, आणि ह्या बाईने शब्द माहीत नसताना त्यांना खरोखर तसं केलं होतं.

चहा आला. मुलगी दारातून डोळ्यांनी खुणावत होती, बोल, बोल. मी म्हणाले, "विहीणबाई, ती..."

"काय?"

"ती चहातली साखर बरी हाय."

मुलीने कपाळाला हात लावला.

तेवढ्यात रस्त्यावर भोंगा वाजला, लोखंड, पत्रा, जुनं प्लास्टिक. विहीणबाई उठल्या. "बसा तुमी, आलेच." त्यांनी कोपऱ्यातली गोणी उचलली, फाटकापाशी नेऊन ठेवली आणि फुटकी बादली आणायला घरामागे गेल्या. माझे पाय आपोआप उठले. गोणीत हात घातला तर कडं लागलं, मग मूठ. मी इस्तरी आणि कडं दोन्ही ओढून पदराखाली धरलं आणि वळले.

"ओ मावशी!" टेम्पोवाला ओरडला. "काय चाललंय? काकू, ही बाई तुमचं भंगार पळवतीया!"

विहीणबाई बादलीसकट धावत आल्या. मला बघून थबकल्या. "विहीणबाई? काय हाय पदराखाली?"

पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. मी म्हणाले, "ही माझी हाय."

"व्हती तुमची. तुमीच दिली न्हवं?"

"दिली न्हाई. नुसती मांडली होती."

"रुखवतात मांडल्यालं मंग काय असतंय?"

"शोभा," मी म्हणाले.

टेम्पोवाला खो खो हसला. विहीणबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो गाडीत जाऊन बसला. मग माझ्याकडे वळल्या. "मंग कार्यालयातच का न्हाई बोललात?"

"लाज वाटली."

"आन् गोणीत हात घालताना न्हाई वाटली?"

मी मान खाली घातली. पण इस्तरी सोडली नाही.

"हिच्यापायी भावकीनं मला नाही नाही ते ऐकवलं," त्या म्हणाल्या. "मी गिळलं, पोरीचं मन नको मोडायला म्हणून. आता सांगा तरी, काय हाय एवढं ह्या चेपकीत?"

सांगायला मला कुठे येतं. मी म्हणाले, "निखारे आणा, दाखवते."

मुलीने चुलीतले निखारे आणले. मी अंगणात बसले, झाकण मागे टाकलं, कडं बसवलं, वर पातेली. पहिल्यांदा एवढा धूर झाला की गोठ्यातल्या म्हशीला खोकला आला. फुंकून फुंकून माझं तोंड काळं झालं. टेम्पोवाला गाडी बंद करून पुन्हा बघायला आला. पाणी काही उकळेना. विहीणबाई पायरीवर बसल्या, आणि बसल्या बसल्या सांगायला लागल्या की लावणीच्या दिवसांत त्या चिखलात दिवसभर वाकलेल्या असतात, आणि चहा घरून येईस्तोवर पार गार होतो, पण घरात कुणाला ते सांगितलं तर म्हणतात, शेतात गेलीस का हाटेलात? एवढ्या खणखणीत बाईला कुणाला सांगता न आलेलं काही असेल, असं मला वाटलं नव्हतं.

शेवटी चहा झाला. कोमट. विहीणबाईंनी घोट घेतला, पातेली उचलून खालचे निखारे बघितले आणि म्हणाल्या, "लई कामाची हाय की! शेतावर न्यायला बरी. ठेवतेच ही."

मी इतकं छान दाखवलं की इस्तरी हातची चालली. ओठांवर आलं होतं, "राहू द्या मग." आयुष्यभर मी हेच म्हणत आले आहे, भाड्याच्या बाबतीत, साडीच्या रंगाच्या बाबतीत, सगळ्याच बाबतीत.

"न्हाई," मी म्हणाले. "ही मी नेणार."

मुलगी आ वासून बघत राहिली. विहीणबाईंनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग इस्तरी उचलली, निखारे चुलीत ओतले, राख उकिरड्यावर झटकली. रिकामं भांडं देऊ नये म्हणून तिच्या पोटात आंबेमोहराचे तांदूळ भरले आणि फडक्यात बांधून माझ्या हातात दिली. "न्या. पर मला असलीच दुसरी बघा. आन् ह्या खेपेला सरळ हातात द्या, मांडत बसू नका."

टेम्पोवाल्याला फुटकी बादली तेवढी मिळाली.

परतीच्या गाडीत इस्तरी माझ्या मांडीवर होती, अजून गरम. बाकीच्या मागायच्या राहून गेल्या असं नाही, मी मागितल्याच नाहीत. ताडपत्री उडाली असती.

घरी पोचले तर हे दारातच उभे. माझं काळं तोंड आणि हातातलं गाठोडं बघून विचारलं, "मागितलीस? तू?"

मी म्हणाले, "चोरली."

खरं म्हणजे आधी चोरली आणि मग मागितली. पण एवढं लांबलचक बोलायची मला सवय नाही.