एउदेलियाची निळी मोस्कविच

ओल्गीन शहरात एउदेलिया बायकांची नखं रंगवून पोट भरायची. वडिलांच्या माघारी त्यांची जुनी रशियन मोस्कविच गाडी तिच्याकडे आली, पण पार गंजलेली. तिने गंज घासून काढला, पत्र्यातले खड्डे पुट्टी भरून बुजवले आणि गाडी स्वतःच रंगवायची ठरवली.

"अगं, गाडी आहे ती, कुणाचा अंगठा नव्हे!" शेजारचा ओनेलियो कुंपणावरून हसला.

"मग तू तुझा अंगठा सांभाळ," ती म्हणाली.

जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरला तिने रंगाची पिचकारी जोडली, धूळ उडू नये म्हणून अंगणात पाणी मारलं आणि निळा रंग उडवायला सुरुवात केली. पहिल्याच दारावर घाईघाईत जाड थर बसला आणि रंगाचे ओघळ उतरले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. या वेळी ओनेलियोही हसला नाही. दार वाळल्यावर तिने पॉलिश पेपर ओला करून ते पुन्हा गुळगुळीत केलं. मग एकेक पातळ थर देत, तो वाळू देत, तिने धीराने सगळी गाडी रंगवली.

रविवारी ती गाडी घेऊन आईकडे गेली. म्हातारीने बॉनेटवरून हात फिरवला.

"कुठल्या कारागिराने केलं गं?"

"मीच केलं, आई."

आई लगबगीने वळली. मग रस्त्यावर जाऊन तिने हाळी दिली, "अहो, बाहेर या सगळे! माझ्या लेकीने रंगवलीय ही!"

गल्ली गोळा झाली. एउदेलियाला आधी लाज वाटली. पण ती आत पळाली नाही. गाडीशेजारी ताठ उभी राहून, विचारेल त्याला रंग कसा चढवला ते सांगत राहिली.